फ्रेम जुनीच, काच नवी : आठ महिन्यांनंतर

आमच्या इंग्लंडमधल्या रेडिंगच्या घरातल्या खिडक्यांच्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) फ्रेम ठणठणीत आहेत. मात्र सहा दुहेरी काचांचं सील गेलं होतं, दोन काचांच्या मध्ये बाष्प साचून त्या दुधाळ झाल्या होत्या. कोटेशन द्यायला तिघे आले. दोघांनी सगळ्या खिडक्या काढून नव्या बसवायचा आकडा सांगितला. तिसरा म्हणाला, फ्रेम राहू द्या, नुसती सीलबंद युनिटं, म्हणजे दोन काचांचे हवाबंद जोड, बदलू. खर्च एक-तृतीयांशावर आला. घरात काच धुरकट झाली असेल तर आधी हेच विचारा, कारण विकणारे आपणहून सांगत नाहीत.

घेतलं ते असं : ४-१६-४ (मिलिमीटरमध्ये काच, पोकळी, काच), आत आरगॉन वायू, सॉफ्ट कोट लो-ई (उष्णता परतवणारा, डोळ्यांना न जाणवणारा पातळ लेप), कडेला दोन काचांमध्ये अंतर राखायला ॲल्युमिनियमऐवजी उष्णता कमी वाहून नेणारा काळा वॉर्म-एज स्पेसर, काचेच्या मध्यावर यू-व्हॅल्यू (उष्णता किती निसटते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) १.२. आमच्या फ्रेममध्ये २४ मिलिमीटरच बसतं, म्हणून ट्रिपलचा (तीन काचांचा) प्रश्न आलाच नाही. आरगॉनला १६ची पोकळी चांगली मानवते.

सप्टेंबरात काम झालं. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी उठून पाहतो तर मागच्या सगळ्या काचा पांढऱ्याफटक. मी भडकलो. फोटो काढून तक्रारीचा लांबलचक ईमेल धाडला : पाच आठवड्यांत सील गेलं, पैसे परत करा. तेव्हा आई साताऱ्याहून आलेली होती. तिने खिडकी उघडली, बाहेरून बोट फिरवलं आणि ओलं बोट मला दाखवलं. "अरे, हे दंव आहे. गवतावर पडतं तसंच पडलंय."

खरंच दंव होतं. रात्री आकाश निरभ्र असलं की बाहेरची काच आपली उष्णता आकाशाकडे टाकत गार होत जाते. जुन्या काचेतून घरातली ऊब झिरपायची, त्यामुळे तिच्यावर दंव धरत नसे. आता ऊब बाहेर पोचत नाही, म्हणून धरतं. बाष्प बाहेरच्या अंगाला असेल तर काच काम करतेय, खोलीच्या बाजूला असेल तर खोलीतली हवा दमट आहे आणि मधोमध असेल तरच सील गेलंय. मी ईमेल मागे घेतला आणि माफीही मागितली.

थंडीत मोजूनही पाहिलं. बाहेर २ अंश, खोलीत १९ : न बदललेल्या जुन्या काचेची आतली बाजू १३च्या आसपास, नवीची १६. आकडा लहान वाटतो, पण खिडकीजवळच्या खुर्चीत आता शाल लागत नाही आणि कडेच्या रबरावर काळी बुरशी धरलेली नाही.

खरं भांडण डिसेंबरात झालं. अंधार पडल्यावर काचेसमोर मेणबत्ती धरली तर चार प्रतिबिंबं दिसतात, दोन काचांच्या चार पृष्ठभागांची. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं दिसतं, तोच लो-ईचा लेप. थंड देशात तो आतल्या काचेवर, पोकळीच्या बाजूला हवा, म्हणजे आतून मोजलं तर दुसरं प्रतिबिंब वेगळं दिसायला हवं. पाच खिडक्यांत तसंच दिसलं. बैठकीच्या दक्षिणेकडच्या मोठ्या खिडकीत मात्र तिसरं! युनिट उलटं बसवलेलं.

फोन केला तर उत्तर आलं, "काही फरक पडत नाही." मी तीन आठवडे पिच्छा सोडला नाही. मधल्या काळात वाचल्यावर कळलं की त्यांचं निम्मं बरोबर होतं : लेप कुठल्याही काचेवर असो, यू-व्हॅल्यू तीच राहते. पण बाहेरच्या काचेवर लेप असला की तिने शोषलेलं ऊन बाहेरच निघून जातं, खोलीत कमी येतं. हिवाळ्यातलं दुपारचं ऊन म्हणजे फुकटचं हीटिंग, आणि ते येणारी आमची ही एकच खिडकी. उष्ण हवेच्या देशात लेप मुद्दाम तिथे देतात. शेवटी माणूस आला, बीडिंग (काच धरून ठेवणारी पट्टी) काढलं, युनिट फिरवलं, पुन्हा बसवलं. पाऊण तास लागला, नवी काचही लागली नाही. एवढ्यासाठी ग्राहकाला तीन आठवडे ताटकळवायला नको होतं.

आवाज मात्र जराही कमी झाला नाही. रस्त्यावरच्या बसेस पूर्वीइतक्याच ऐकू येतात, कारण दोन्ही काचा सारख्याच ४ मिलिमीटरच्या. तो त्रास असेल तर एक काच जाड किंवा लॅमिनेटेड घ्या. आणि व्हॅट! घरांच्या इन्सुलेशनच्या कामावर २०२२ पासून शून्य, काचेवर पूर्ण २० टक्के. हीसुद्धा घराची ऊब राखायचीच वस्तू आहे, हा भेद मला अजिबात पटत नाही.

उन्हाळा जेमतेम सुरू होतोय. बैठकीत दुपारी तापतं का, ते ऑगस्टनंतर इथेच लिहीन. बाथरूमची जुनी काच उरली होती, तिचीही ऑर्डर त्यांनाच दिली. या वेळी कागदावर लिहून घेतलंय : लेप आतल्या काचेवर, पोकळीच्या बाजूला, आणि माझी मेणबत्ती पाहून झाल्यावरच उरलेले पैसे.