गिअर बदलताना ‘लीन’ दिसणारी गाडी आणि कुपवाडमधील एक गॅरेज

ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतील वेगाच्या शर्यतीसाठी, तयार केलेली माझी एक सिलिंडरची, फ्युएल इंजेक्शनची मोटारसायकल मी गेल्या महिन्यात सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या गॅरेजमध्ये नेली होती. पूर्ण थ्रॉटलवर क्विकशिफ्टरने (क्लच न दाबता गिअर बदलता यावा म्हणून क्षणभर ठिणगी तोडणारे उपकरण) गिअर टाकला की वाइडबँड मीटरवरील (पेट्रोलच्या तुलनेत हवा किती पट आहे ते एक्झॉस्टमधील सेन्सरवरून दाखवणारा मीटर) आकडा १२.८ वरून क्षणात १७ च्या पुढे जात असे, म्हणजे मिश्रण ‘लीन’, पेट्रोल कमी पडल्यासारखे, दिसत असे, आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाताना गाडी किंचित अडखळत असे. याआधी दुसरीकडे एका ट्यूनरने तो आकडा पाहताच वरच्या आरपीएमचे सगळे मॅपिंग (कधी किती पेट्रोल सोडायचे याचा तक्ता) रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचे, करून दिले होते. त्याने उसळी तशीच राहिली आणि गाडीचा जोर मात्र कमी झाला.

येथील मिस्त्रींनी मॅपला हात लावण्याआधी मागच्या शर्यतीचा लॉग (गाडीतील आकड्यांची क्षणाक्षणाची नोंद) मागितला, आणि त्यांच्या कामाची खरी किंमत माझ्या मते तिथेच आहे. मिश्रणाच्या आलेखाखाली त्यांनी आरपीएम, थ्रॉटल आणि इग्निशन कट यांचे आलेख लावले. जळलेला वायू सेन्सरपर्यंत पोहोचायला आणि सेन्सरला तो ओळखायला जो थोडा वेळ लागतो, तेवढा मिश्रणाचा आलेख मागे सरकवला. तेव्हा प्रत्येक उसळी कटशी तंतोतंत जुळली. माझा क्विकशिफ्टर ६५ मिलिसेकंद फक्त ठिणगी तोडतो, इंजेक्टर चालूच राहतो. त्यामुळे न जळलेले मिश्रण बेंड पाइपात, म्हणजे इंजिनमधून निघणाऱ्या एक्झॉस्ट पाइपात, जाते, त्याच्यासोबत न वापरलेला ऑक्सिजनही जातो, आणि सेन्सर मुख्यतः ऑक्सिजनवरूनच निदान करत असल्यामुळे पेट्रोल पुरेसे असूनही तो लीन दाखवतो. खात्रीसाठी त्यांनी रोलरवर (गाडी जागेवरच चालवून तपासण्याचे यंत्र) कट ८० मिलिसेकंदांचा केला, तर उसळीही त्याच प्रमाणात रुंदावली. अशा ठिकाणी पेट्रोल वाढवणे म्हणजे नसलेल्या आजारावर औषध देणे होय. बेंड पाइपाचा जोड गळत असल्यास बाहेरची हवा आत ओढली जाऊन असाच खोटा आकडा येतो, म्हणून तोही त्यांनी तपासून घेतला.

तिसऱ्या गिअरची गोष्ट मात्र वेगळी होती. तिथे आकडा कट होण्याआधीच, गिअरच्या शेवटच्या टप्प्यात, १२.८ वरून १३.९ पर्यंत हळूहळू चढत होता आणि कट संपल्यावरही लगेच खाली येत नव्हता. मी स्वतः तो लॉग अनेकदा पाहिला होता. पण माझी नजर सतत उसळीवरच खिळल्यामुळे त्याआधीचा चढ मला कधी दिसलाच नाही. मिस्त्रींनी पेट्रोलच्या लाइनवर प्रेशर गेज लावून गाडी पुन्हा रोलरवर चालवली, तेव्हा वरच्या आरपीएमवर दाब घसरत असल्याचे स्पष्ट झाले. टाकीतील पेट्रोल फिल्टर निम्म्याहून अधिक चोंदलेला होता. फिल्टर बदलून मॅप मूळ स्थितीत आणल्यावर तो चढ नाहीसा झाला आणि अडखळणेही थांबले.

त्यांची आणखी एक सवय मला फार मोलाची वाटते: ते आकडा लॅम्डामध्येच, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाणाला त्या इंधनाच्या पूर्ण ज्वलनासाठी लागणाऱ्या प्रमाणाने भागून, वाचतात. बहुतेक मीटर शुद्ध पेट्रोलचे १४.७ हे प्रमाण धरून आकडा दाखवतात. पंपावरील वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला मात्र साधारण १३.५ हे प्रमाण लागते. म्हणजे मीटरवरचे १२.८ हे प्रत्यक्षात पावणेबाराच्या आसपास असते, पण लॅम्डा दोन्हीकडे ०.८७ च येतो. पूर्ण थ्रॉटलला ताकदीसाठी तो योग्यच आहे.

उणिवाही सांगणे आवश्यक आहे. फोनवर दिलेली वेळ पाळली गेली नाही, गाडी एका दिवसाऐवजी तीन दिवस अडकली, आणि दुरुस्तीनंतरचा लॉग मी मागितल्यावरच पेन ड्राइव्हवर मिळाला. फिल्टर धरून ४,२०० रुपये घेतले. ते मला रास्त वाटले. कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक गाड्यांना वाइडबँड लावून देण्यास ते नकार देतात, कारण जळक्या ऑइलने सेन्सर लवकर खराब होतो आणि सिलिंडरमधून न जळता निसटलेल्या ताज्या मिश्रणामुळे आकड्यावरही विसंबता येत नाही. तेथे जाणाऱ्यांनी मिश्रण, आरपीएम, थ्रॉटल आणि कट या चारही गोष्टींची नोंद असलेला लॉग सोबत न्यावा. नुसत्या मीटरच्या व्हिडिओवरून ते काम हाती घेत नाहीत.