गाण्यासाठी काय घ्यावं: स्टिरिओ अँप की एव्ही रिसीव्हर?

स्टिरिओ अँप म्हणजे दोन स्पीकर वाजवणारं साधं अँप्लिफायर; एव्ही रिसीव्हर म्हणजे सिनेमासाठी खोलीभरचे स्पीकर चालवणारा. हाय-फायवाल्यांसमोर, म्हणजे अस्सल आवाजाच्या शौकिनांसमोर, एव्ही रिसीव्हरचं नाव काढलं की नाकं मुरडली जातात. म्हणे, सिनेमाचा डबा! थोडं तथ्य आहे त्यात. त्याच पैशात सात चॅनेल (दर स्पीकरला एक), एचडीएमआय, सिनेमाचा आवाज उलगडणारे डीकोडर कोंबायचे म्हणजे पॉवर सप्लायवर काटकसर आलीच. खोक्यावरचे १०० वॉट बहुधा दोनच चॅनेल चालवून मोजलेले असतात. पण गाणं ऐकताना दोनच तर चालतात!

खरी गंमत खर्जात आहे. साधारण २०० हर्ट्‌झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीच जास्त बोलते. माझ्या १० बाय १२च्या खोलीत स्टिरिओ अँपवर डग्ग्याचा घुमारा कोपऱ्यात साचायचा. तबला कमी, पिंप जास्त. रिसीव्हरने माइक लावून खोली मोजली, ८० हर्ट्‌झखालचं काम सबवूफरकडे (फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरकडे) दिलं, आणि डग्ग्याची मींड सुटी ऐकू आली. साध्या अँपमध्ये ही सोय सहसा नसतेच.

अँपची बाजू? मेनूची कटकट नाही, आणि एचडीएमआयचं नवं व्हर्जन आलं म्हणून ते म्हातारं होत नाही. दोन्ही ऐकून बघणार असाल तर आवाज मोजून सारखा ठेवा. किंचित मोठा वाजणारा उगाच सरस वाटतो. ४ ओहमचे, म्हणजे जास्त करंट ओढणारे, हट्टी स्पीकर असतील तर मात्र मीही अँपच घेईन.