थेंबाला दोन हजार

नव्व्याण्णव थेंब. आकडा पक्का आहे, कारण ते मोजायला मीच बसलो होतो, जुन्या डायरीच्या पानावर पाच-पाच रेघांच्या जुड्या करत. नोकरी पतसंस्थेत, काम हिशेबाचं. व्हाउचरवर सही नसली तर साहेबांनाही कागद परत पाठवणारा माणूस मी. आणि माझ्याच घरात, माझ्यासमोर एका माणसाने आईच्या गुडघ्यांतून 'पू' काढला आणि मी त्याची मोजदाद केली.

आई ७६ वर्षांची आहे. गुडघे दहा-बारा वर्षं दुखतायत. शुगर आहे, वजन थोडं जास्त आहे. ऑपरेशनचा विषय निघाला की ती म्हणायची, "समोरच्या वाड्यातल्या काकूंनी केलं, त्या उठल्याच नाहीत परत." मीही तो विषय तीन वर्षं ढकलत होतो. खरं कारण पैशांचं होतं. आईची भीती मला सोयीची पडत होती इतकंच.

डिसेंबरातला रविवार. थंडी पडली की आईचे गुडघे जास्तच धरतात, तरी हट्टाने सारसबागेत गणपतीला आली. दर्शन घेऊन आम्ही बाकावर बसलो तर शेजारी एक गृहस्थ येऊन टेकले. पंचेचाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. आईला पेढा दिला आणि म्हणाले, "काकू, उजवा जास्त दुखतो ना?"

आई चाटच पडली. मीसुद्धा. या माणसाला काहीतरी कळतं, असं मनात बसलं ते तिथेच. पायऱ्या उतरताना माणूस दुखरा पाय आधी खाली टाकतो, हे मला पुढे फिजिओथेरपिस्टने सांगितलं. त्या गृहस्थाने तेवढंच पाहिलं होतं.

मग सासूबाईंची गोष्ट आली. पलंगावरच असायच्या, आता स्वयंपाक करतात. कुणी एक वैद्यजी आहेत, गुडघ्यातला साठलेला पू ओढून काढतात. "थेंबाप्रमाणे पैसे घेतात हो, दोन हजार. आमच्या सासूबाईंचे अकरा थेंब निघाले." नंबर विचारला तर म्हणाले, मिसेसकडे आहे, घरी गेल्यावर बघतो. माझा नंबर घेतला, स्वतःचा दिला आणि निघून गेले. सोमवार गेला, काही आलं नाही. मंगळवारी मीच फोन करून त्यांच्या मागे लागलो. गळ माशाच्या तोंडाशी नेला नव्हताच, मासाच पोहत गेला. आणि तो अकरा आकडा! पतसंस्थेतल्या माणसाच्या डोक्यात बावीस हजारांचं बजेट त्याने न सांगता पक्कं करून दिलं होतं.

वैद्यजी पुण्यात महिन्यातून दोनच दिवस असतात म्हणे. गुरुवारी दुपारी आले. पांढरा झब्बा, अर्धं हिंदी अर्धं मराठी, सोबत पिशवी धरणारा पोरगा. पाचशे रुपये तपासणीचे घेतले. आईला खुर्चीवर बसवून आधी गुडघ्यांना कसलं तरी तेल चोळलं. वासावरून गंधपुऱ्याचं असावं, दुखण्याच्या मलमांना येतो तो वास. पाच मिनिटांत गरम वाटायला लागल्यावर आई म्हणाली, "बरं वाटतंय." त्याने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

मग पिशवीतून पितळी नळी काढली. एका तोंडाला रुंद, दुसरीकडे निमुळती, वीतभर लांब. दाढीचं ब्लेड नवं होतं, कागद माझ्यासमोर फाडला. त्या कागदाकडे बघून मी निर्धास्त झालो आणि नळी कुठून आली, कुणाच्या अंगाला लागून आली, ती उकळली आहे का, हे विचारायचं सुचलं नाही. गुडघ्याच्या कडेला ब्लेडने बारीक बारीक रेघा मारल्या. नळीचं रुंद तोंड त्यावर टेकवलं आणि निमुळत्या बाजूने तोंडाने ओढलं. गाल आत गेले, डोळे मिटले. मग नळी उचलून पांढऱ्या कापडावर उपडी केली आणि कापडावर पिवळसर, चिकट थेंब पडला. "ये देखिए साहब, आजींचा वीस साल का पू." पोऱ्या म्हणाला, "एक."

पूर्वी गावोगाव तुंबडी लावून अंगातलं रक्त ओढत, हे आईने लहानपणी पाहिलेलं. त्यामुळे तिला यात वावगं काही वाटलं नाही. स्वतःची तुंबडी भरणं म्हणजे काय ते आपल्या भाषेत आहेच, पण त्या दुपारी मला भाषा आठवत नव्हती.

पहिले दहा थेंब सावकाश निघाले. दर थेंबाला आईला दाखवायचं, मला दाखवायचं, पुसायचं. अकरानंतर गती वाढली. एका ओढीत दोन, मग तीन, चार. पोऱ्या आकडे पुकारतोय आणि मी रेघा मारतोय. उजव्या गुडघ्याचे ३२ झाले तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पुरे आता." मी थांबा म्हटलं. वैद्यजींनी नळी खाली ठेवली आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, "थांबतो. पण तोंड उघडलंय. आता राहिलेला पू वर चढणार, किडनीत जाणार. मग मला बोलू नका." आईचा चेहरा उतरला. मी म्हटलं, काढा.

हे सगळं एकटा-दुकटा माणूस असताना घडलेलं नाही. घरात चार मोठी माणसं होती. शेजारच्या मावशीही बघायला आल्या. त्यांच्या बोटांच्या पेरांना सूज असते, सकाळी तासभर मूठ मिटत नाही. वैद्यजींनी त्यांचे हात बघून "हाही वातच" म्हणत पुढच्या फेरीचे दोन हजार आगाऊ घेतले.

उजव्याचे ५८, डाव्याचे ४१. एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. मी म्हटलं, एवढे नाहीत. त्यावर आवाज चढला नाही, धमकी नाही. "आईच्या पायांचा भाव करताय?" एवढंच. अठरा हजार सोडले, म्हणजे वर उपकारही केले. घरात ४२ हजार रोख होते, दिवाळीपासून मुलाच्या फीसाठी बाजूला काढलेले. एक लाख यूपीआयने गेले, दिवसाची मर्यादाच तेवढी. उरलेल्या ३८ हजारांसाठी पोऱ्या माझ्याबरोबर एटीएमवर आला, दोन कार्डं लागली. पावती मागितली तर "दवाई का बिल होता है, दुआ का नहीं." जाताना तीस पुड्या दिल्या, रोज रात्री एक दुधातून.

दुसऱ्या दिवशी आई काठीशिवाय गॅलरीपर्यंत गेली. चौथ्या दिवशी जिना उतरली. मी ऑफिसात दोघांना वैद्यजींचा नंबरसुद्धा दिला. हे सगळ्यात जास्त टोचतं. सुदैवाने त्यांनी फोन केला नाही.

नवव्या दिवशी आई सारखी पाणी मागायला लागली, रात्रीत चार-पाचदा उठली. डाव्या गुडघ्याजवळची रेघ लाल होऊन टरारली होती. उपाशीपोटी शुगर १३०च्या आसपास असायची, ती २६४ निघाली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "पुडी कुठे आहे?" त्यांना स्टिरॉइडचा संशय होता. स्टिरॉइडने सांध्यांची सूज आणि दुखणं झपाट्याने उतरतं, जुनं माणूस नाचायला लागतं, पण शुगर आणि रक्तदाब वर जातात, महिनोन्‌महिने घेतलं तर चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. नऊच दिवस झालेत म्हणून लगेच बंद करा म्हणाले. फार दिवस घेणाऱ्याला असं एकदम तोडता येत नाही, कारण शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. अशा पुड्या तुमच्या घरात कुणाच्या चालू असतील तर फेकून देण्याआधी डॉक्टरांकडे घेऊन जा. उरलेल्या आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्या आहेत, अहवाल अजून आलेला नाही.

आमच्या डॉक्टरांनी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. उभं करून एक्स-रे काढला. हाडांच्या डॉक्टरांनी सगळी कथा ऐकली आणि आईला विचारलं, "आजी, तो माणूस आला तेव्हा दार कुणी उघडलं?"

"मीच."

"चालत गेलात? मग पू नव्हता."

सांध्यात खरोखर पू झाला तर गुडघा लाल, गरम, टम्म होतो, बहुधा ताप भरतो, पाय टेकवत नाही. त्याच दिवशी दवाखान्यात भरती व्हावं लागतं, महिन्यातून दोनदा येणाऱ्या वैद्याची वाट बघता येत नाही. चांगल्या गुडघ्यात जेमतेम चमचाभर पाणी असतं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत. ते काढायचं तर सांध्याच्या आवरणातून सुई आत न्यावी लागते. कातडीवरच्या ओरखड्यातून तोंडाने ओढून सांध्यातलं काही बाहेर येत नाही. मग ते पिवळं काय होतं? डॉक्टर म्हणाले, नळीत आधीच भरलेलं काहीही असू शकेल, त्याच्याकडून मोजून घेण्याऐवजी नळी धुऊन घ्यायची होती.

आईला झालेला आजार साधा आणि जुना: ऑस्टिओआर्थ्रायटिस. हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे गुळगुळीत गादी, झिजते. आपण 'वंगण संपलं' म्हणतो तेच. झिजलेलं ओढून काढता येत नाही, कारण काढण्यासारखं तिथे काही साठलेलंच नसतं. मावशींचा मात्र आमवात निघाला. तो वेगळा, त्यात शरीरच सांध्यांवर उलटतं आणि उशीर झाला तर बोटं वाकडी होतात. त्यांना आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी सुरू झाली आहे. वैद्यजी 'पुढच्या फेरीला' खरंच आले असते तर त्यांचं वर्ष वाया गेलं असतं.

आईच्या कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या कराव्या लागल्या. लगेच एकदा, तीन महिन्यांनी पुन्हा. दोन्ही वेळा काही निघालं नाही. मधले तीन महिने कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. ७६ वर्षांच्या बाईला लॅबमधली मुलगी ते फॉर्म वाचून दाखवत होती आणि आई खाली मान घालून बसली होती.

पत्नीचा मामेभाऊ आयुर्वेदाचा डॉक्टर आहे, तो माझ्यावर उखडला. रक्तमोक्षण, म्हणजे उपचार म्हणून रक्त काढणं, शास्त्रात आहे, त्याचे नियम आहेत, पण थेंबावर भाव लावणारा वैद्य त्याने पाहिलेला नाही. त्याचं म्हणणं, नोंदणी क्रमांक विचारायला लाज कसली वाटते तुम्हाला? आयुर्वेदाच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, ॲलोपॅथीवाल्यांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. रिक्षावाल्याचं मीटर बघतो, गॅसवाल्याचं कार्ड बघतो, आईच्या पायाला ब्लेड लावणाऱ्याचं काहीच बघितलं नाही.

१९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात ज्या आजारांवरच्या हमखास इलाजांची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांच्या यादीत संधिवातही आहे. बहुधा म्हणूनच छापील कागद नाही, बोर्ड नाही, सगळा कारभार तोंडी आणि जाहिरात बागेतल्या बाकावर.

पोलीस चौकीत तीन चकरा झाल्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४)खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवला गेला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर मी फोन केला तो पैसे गेल्यानंतर अकराव्या दिवशी. तिथल्या मुलीने सांगितलं, पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. माझ्या एक लाखाचं खातं दुसऱ्या राज्यातलं होतं आणि त्याच संध्याकाळी रिकामं झालं होतं. सही नसलेलं व्हाउचर परत पाठवणाऱ्या माझ्या हातून एवढा उशीर का झाला, तर लाज. बायकोने दुसऱ्याच दिवशी सुचवलं होतं. मी म्हटलं, आईला बरं वाटतंय ना.

तेही खरं नव्हतं. म्हणजे पुड्यांनी उतार पडला तो पडलाच, पण फिजिओथेरपीच्या दुसऱ्या आठवड्यात आई फिजिओथेरपिस्ट मुलीला सांगत होती, मी बाहेर बसून ऐकलं: "त्या दिवशी तेल लावलं तेवढंच बरं वाटलं हो. नंतर नुसती आग होत होती. पण लेकाचे एवढे पैसे चाललेले, दुखतंय कसं म्हणू?" तिच्या समाधानासाठी मी पैसे मोजत होतो आणि माझ्या समाधानासाठी ती 'कमी वाटतंय' म्हणत होती. वैद्यजींना दोघांमध्ये फक्त नळी धरून बसायचं होतं.

आता गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं. पाय सरळ उचलायचा. मांडीचा स्नायू भरला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. मांडी घालून बसणं बंद, पूजासुद्धा खुर्चीवर बसून. काठी ती उजव्या हातात धरायची, ती डाव्या हातात आली, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध. वजन एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलोंचा भार कमी होतो म्हणे. तिचं अडीच किलो उतरलंय. दुखणं आहे, पण दूध आणायला कोपऱ्यापर्यंत जाते. ऑपरेशनचं डॉक्टर म्हणाले, वर्षभराने बघू. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७मध्येच मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या प्रकाराच्या सांध्याला ५४,७२० रुपये अधिक जीएसटी, हेही तेव्हाच कळलं. दवाखान्याचा खर्च वेगळा, पण माझ्या डोक्यात एकट्या सांध्याचेच तीन लाख होते. विचारायला मी कधी गेलोच नव्हतो.

बागेतल्या गृहस्थांचा नंबर अजून फोनमध्ये आहे. चौकीतले म्हणाले, काढू नका. चार महिने तो बंद होता. गेल्या गुरुवारी व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो बदललेला दिसला: कुठल्याशा घाटावर हात जोडून उभे आहेत, शेजारी एक म्हातारी. घाट कुठला ते ओळखू येत नाही. स्क्रीनशॉट चौकीत देऊन आलो आहे.