१६ इंची मॅगव्हीलवर टायर घासत होता, कोरेगाव रोडच्या दुकानात मिटलं

गाडी स्विफ्ट झेडएक्सआय, कंपनीचा टायर १८५/६५ आर १५, म्हणजे रुंदी १८५ मिमी, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. मी १६ इंची मॅगव्हील, म्हणजे अलॉयच्या रिमा, दुसऱ्या गावातनं बसवून आणल्या, तिथल्या माणसानं त्यावर २०५/५५ आर १६ चढवले आणि म्हणाला बिनधास्त पळवा, काय होत नाही. एकटा असलो की खरंच काय होत नव्हतं. पण दिवाळीत आई, ताई आणि भाचा मागं, अण्णा पुढं असे सगळे यवतेश्वरच्या घाटानं कासला निघालो तर प्रत्येक वळणाला मागनं खर्रर्र, अण्णा म्हणाले थांबव आधी. उतरून बघतो तर मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेला गोल रेघ पडलेली, मडगार्डच्या ओठाचा रंग जाऊन पत्रा दिसतोय, आणि पुढं लायनरचं, म्हणजे मडगार्डच्या आतल्या अस्तराचं प्लॅस्टिक एका जागी घासून आरशासारखं चकाकलेलं, त्यावर रबराच्या बारीक वळ्या चिकटलेल्या. पोटात गोळाच आला, पोरं बसलेली गाडीत.

मग साताऱ्यात कोरेगाव रोडला जे टायरचं दुकान आहे तिथं गेलो. दुकानातल्या मामांनी टायर दाखवायच्या आधी विचारलं, कंपनीची रिम घरी आहे का, असली तर एक घेऊन या. आणली. दोन्ही रिमा उलट्या टाकून आतले आकडे वाचून दाखवले. नवी रिम एक इंचानं जास्त रुंद, म्हणजे दोन्ही बाजूला साधारण १२.७ मिमी वाढली, वर ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर) ७ मिमीनं कमी, म्हणजे अख्खं चाक आणखी ७ मिमी बाहेर आलं. बाहेर जवळपास २० मिमी, आत सहाच्या आत. म्हणून आत स्ट्रटला, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्याला, कुठं लागत नव्हतं, सगळी मारामारी बाहेर.

उंचीचा हिशोब बिलाच्या पाठीमागं करून दिला, तो कागद मी जपून ठेवलाय. कंपनीच्या टायरचा व्यास ६२१.५ मिमी येतो, २०५/५५ आर १६ चा ६३१.९, म्हणजे १० मिमी मोठा, आणि वर रुंदही. १९५/५५ आर १६ चा येतो ६२०.९, एक मिमीचा पण फरक नाही. रुंदीचे ५५ टक्के काढायचे, दुप्पट करायची, त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवायचे, एवढंच आहे, मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. स्पीडोमीटर पण मग बरोबर दाखवतो.

मी म्हणलं मामा टायर नवेच आहेत, मडगार्डचा ओठ ठोकून आत घ्या की. स्पष्ट नाही म्हणाले. रंग तडकला की गंज धरतो, आणि चाक खड्ड्यात गेल्यावर लागायचं ते लागणारच. चार टायर विकायचे म्हणून नव्हते म्हणत, कारण आधी एकाच बाजूला १९५ चे दोन चढवले, कडेला खडूनं पट्टी मारली, कामावरची तीन पोरं मागं बसवली आणि फुल स्टेअरिंग वळवून स्पीडब्रेकरवरनं पुढं-मागं चालवायला लावली. खडू जिथल्या तिथं. मगच बाकीचे दोन काढले.

लोड इंडेक्सचं, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्या आकड्याचं पण त्यांनीच सांगितलं. कंपनीचा ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, १९५/५५ मध्ये साधा ८७ मिळतो, ५४५ किलो. आमची गाडी कायम भरलेली म्हणून मी एक्सएल, म्हणजे जास्त वजन पेलणारा घेतला, ९१ वाला.

आणि ९० च्या पुढं स्टेअरिंग थरथरायचं ते बॅलन्सिंग नव्हतंच. स्विफ्टच्या हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) व्यास ५४.१ मिमी, मॅगव्हीलचं मधलं भोक त्यापेक्षा बरंच मोठं, आणि मधली फट भरणारी रिंगच नव्हती. रिंगा पुण्यावरनं मागवायला दोन दिवस गेले, बसवल्यावर खंबाटकीपर्यंत जाऊन आलो, हात सोडला तरी सरळ.

तक्रार म्हणाल तर वेळ फार जातो, माझे साडेतीन तास गेले, बसायला सावलीत एकच बाकडं आणि शनिवारी तिथं ट्रकवाल्यांची गर्दी. जुने २०५ चे चार निम्म्याहून कमी भावात घेतले, ते जरा लागलं मनाला, पण भाव त्यांनी आधीच सांगितला होता.

शंभर किमीनंतर नट परत आवळायला बोलावलं होतं. गेलो, टॉर्क पान्यानं एकेक बघितला, पुढं वाकून लायनरवरनं हात फिरवला आणि पैसे घेतले नाहीत.