अठरा परस खोल बारव : पुण्याचे जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानक

पाचोरा आणि चाळीसगाव या तालुक्यांत विहिरींच्या खोदकामावर देखरेख करण्यात माझी तीस वर्षे गेली. त्यामुळे जमिनीखालची कोणतीही वास्तू पाहताना माझी नजर आधी भिंतींच्या ओलीकडे आणि मग वरून येणाऱ्या उजेडाकडे जाते. लेक कोथरूडला राहते. जळगावहून एसटीने निघालेला माणूस वाकडेवाडीला उतरतो, तेथून शिवाजीनगर मेट्रो स्थानक गाठतो आणि पुढच्याच जिल्हा न्यायालय स्थानकावर वनाजकडे जाणारी गाडी पकडण्यासाठी उतरतो. पुणेकर अजूनही या स्थानकाला सिव्हिल कोर्टच म्हणतात. माझे तेथे अनेकदा जाणे झाले आहे आणि दोनदा तर केवळ स्थानक पाहण्यासाठी मी मुद्दाम तासभर थांबलो आहे.

1 ऑगस्ट 2023 रोजी हे स्थानक सुरू झाले आणि 29 सप्टेंबर 2024 रोजी येथून पुढे स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग खुला झाला. स्थानकाचा सर्वांत खोल भाग जमिनीखाली 33.1 मीटर आहे, म्हणजे सुमारे 108 फूट. आमच्या भाषेत, सहा फुटांचा परस धरला तर अठरा परस. एवढ्या खोल विहिरीच्या तळाशी भर दुपारीही अंधार असतो हे मी अनुभवाने जाणतो. या स्थानकाचे छत मात्र सूर्यप्रकाश थेट फलाटापर्यंत पोहोचावा अशा रीतीने रचलेले आहे. माझ्या मते या वास्तूची सर्वांत मोठी कमाई तीच होय. विहीर आणि बारव यांत जो फरक असतो, तोच येथे दिसतो. विहीर पाण्यासाठी खोदतात. बारव माणसाने पाण्यापर्यंत उतरावे म्हणून बांधतात, आणि म्हणून तिचे तोंड मोठे ठेवून टप्प्याटप्प्याने खाली जाताना आभाळ दिसत राहील याची काळजी घेतलेली असते. सरकत्या जिन्यावरून खाली जाताना मान वर केली, की डोक्यावर उजेड असतो आणि आपण किती खोल आलो याचे दडपण येत नाही.

इतके खोल जाण्याची गरज काय होती, हे मार्गाकडे पाहिले की कळते. शिवाजीनगरकडून आलेली ही मार्गिका या स्थानकानंतर मुठा नदीखालून कसबा पेठेकडे आणि तेथून मंडईकडे जाते. वर नदी आणि त्यापुढे जुन्या वाड्यांच्या दाट पेठा असताना, बोगद्यावर भक्कम खडकाचे पुरेसे आवरण हवे. बोगदा पोखरणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना अशी नद्यांची नावे दिली होती, हे मला फार आवडले. पुण्याखालचा खडक आमच्या चाळीसगावसारखाच काळा पाषाण आहे: वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊसर खडक आणि खाली अखंड पत्थर. हेच स्थानक आमच्या यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात, तापीच्या खोल गाळात बांधायचे असते, तर तळापर्यंत प्रत्येक फूट भिंतीने तोलून धरावा लागला असता.

माझ्याबरोबर विहिरींवर काम केलेल्या एका जुन्या मिस्त्रीने विचारले होते, “भाऊ, अठरा परसावर पाणी कसं लागलं नाही?” पाणी असतेच. काळा पाषाण स्वतः पाणी फारसे सोडत नाही, पण त्याच्या भेगांतून आणि दोन थरांमधल्या लाल गेरूतून ते वाट काढते. भूजलाची पातळी वर आली, तर तीस मीटर खोलीवरच्या तळफरशीवर दर चौरस मीटरला सुमारे तीस टनांचा दाब खालून वर येतो. पोकळ पेटी पाण्यात तरंगू पाहते, तशीच जमिनीखालची इमारतही वर उचलली जाऊ पाहते. म्हणून अशा बांधकामात जाड तळफरशी, वास्तूचे स्वतःचे वजन, वास्तूला खाली धरून ठेवण्यासाठी खडकात रोवलेल्या सळया आणि पाण्याचा निचरा यांचा हिशेब आधी मांडावा लागतो. जलरोधक थर हा त्यानंतरचा विषय आहे. आमच्या शहरातल्या एका व्यापारी संकुलाचे अवघे बारा फूट खोल तळघर दर पावसाळ्यात पाण्याने भरते, कारण तेथे हा हिशेब कोणी केलाच नव्हता. त्या तळघरात माझ्या एका नातेवाइकाचा कापडाचा साठा भिजला, तेव्हापासून कोरडी भिंत दिसली की मी तिला हात लावून पाहतो. जुलैमध्ये या स्थानकात मी फिरलो त्या भागातल्या भिंती हाताला कोरड्या लागल्या.

खोलीचे मोल मात्र वेळेत मोजावे लागते. वनाजकडे जाणारी गाडी जमिनीवरच्या उन्नत मार्गावरून धावते, त्यामुळे गाडी बदलणाऱ्याला तळापासून पुलाच्या उंचीपर्यंत चढायचे असते. सहा इंची पायरी धरली तर जमिनीपर्यंतच जवळपास दोनशे पायऱ्या होतात. सरकते जिने आणि उद्वाहने आहेत, तरीही सामान घेऊन येणाऱ्या वयस्कर माणसांनी दहा मिनिटे हाताशी ठेवावीत आणि सरळ उद्वाहनाकडे जावे. रुंद जिन्यांकडे मी वेगळ्या दृष्टीने पाहतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका मानकानुसार, आग लागल्यास चार मिनिटांत फलाट रिकामा व्हावा आणि सहा मिनिटांत माणसे सुरक्षित जागी पोहोचावीत, अशी अपेक्षा असते. एरवी अर्धा रिकामा दिसणारा जिना त्या चार मिनिटांसाठी रुंद ठेवलेला असतो.

शिवाजीनगर स्थानकाची सजावट किल्ल्याची आठवण करून देणारी आहे आणि मुलांना तेच जास्त आवडते. खानदेशातून पुण्याला जाणाऱ्यांनी तेही पाहावे. पण जिल्हा न्यायालयाला दुपारी बाराच्या सुमारास उतरावे, जेव्हा ऊन डोक्यावर असते.