स्वयंचलित चाचण्यांचे निकाल जिरामध्ये: एक्सरे वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्याकडे सॉफ्टवेअरच्या चाचण्या रोज रात्री जेन्किन्स या कामे आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर चालत आणि त्यांचे निकालही तिथेच राहत. जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत ‘स्टोरी’ (एका सुविधेच्या कामाचे तिकीट) बंद होई, परंतु तिच्या चाचण्या पास झाल्या की नाही, हे प्रत्येक रिलीजपूर्वी कोणाला तरी विचारावे लागे. ही विचारणा टळावी म्हणून गेले काही महिने आम्ही जिरावर चालणारे एक्सरे हे अ‍ॅप वापरत आहोत.

जोडणी सोपी आहे. पाइपलाइनच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या टप्प्यांच्या, शेवटी जेयुनिट (जावाचे चाचणी साधन) पद्धतीची निकालांची एक्सएमएल फाइल एक्सरेच्या एपीआयकडे (प्रोग्रामसाठीच्या जोडणीकडे) पाठवली, की ते प्रत्येक चाचणीसाठी ‘टेस्ट’ प्रकारचे तिकीट शोधते, न सापडल्यास नवे तयार करते आणि त्या रनचे निकाल ‘टेस्ट एक्झिक्युशन’ या तिकिटात नोंदवते. स्टोरीला टेस्ट जोडलेल्या असल्या, तर तिची स्थिती ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ अशी स्टोरीवरच दिसते. केवळ यासाठीसुद्धा हे अ‍ॅप घ्यावे, असे माझे मत आहे.

मेख आहे ती चाचणीच्या ओळखीत. वेगळे काही सांगितले नाही, तर एक्सरे चाचणीला कोडमधील क्लास आणि मेथड यांच्या नावांवरून ओळखते. समजा, परताव्याच्या चाचण्यांचा एक मोठा क्लास कोणी नव्या नावांच्या दोन क्लासमध्ये विभागला. अशा वेळी सगळ्या चाचण्यांची नवी तिकिटे तयार होतात, स्टोरी मात्र जुन्याच तिकिटांना जोडलेली राहते आणि जी चाचणी आता चालतच नाही, तिचा शेवटचा ‘पास’ ती दाखवत बसते. जेयुनिट ५ साठी एक्सरेचे एक्स्टेन्शन आहे, ज्यामुळे तिकिटाचा क्रमांक कोडमधील चाचणीवरच्या खुणेत, म्हणजे अ‍ॅनोटेशनमध्येच लिहिता येतो. मग नाव कितीही वेळा बदलले, तरी निकाल योग्य तिकिटावरच येतात. हे काम पहिल्याच आठवड्यात करावे, कारण पुढे शेकडो दुहेरी तिकिटे निस्तरत बसण्याइतके कंटाळवाणे काम दुसरे नाही.

चाचणी कशावर चालली हे सांगणाऱ्या ‘टेस्ट एन्व्हायरन्मेंट’ची नावे ठेवतानाही हात आखडता घ्यावा. त्यात ब्राउझरची आवृत्ती घातली, तर जुन्या आवृत्तीवर फेल झालेला शेवटचा निकाल तसाच राहतो आणि एकत्रित स्थिती लालच दिसते. ‘क्रोम’ एवढे नाव पुरते. तसेच, निकाल आयात करताना एक्झिक्युशनचा क्रमांक दिला नाही, तर दर वेळी नवे तिकीट तयार होते. म्हणून प्रत्येक कमिटनंतर (कोडमधील बदलाच्या नोंदीनंतर) निकाल न पाठवता आम्ही फक्त रात्रीच्या रनचे पाठवतो.

फेल झालेल्या प्रत्येक चाचणीसाठी आपोआप बग नोंदवला जावा, ही मागणी व्यवस्थापनाकडून हमखास येते. आयात करताना एक्सरे स्वतःहून बग नोंदवत नाही, म्हणून आमच्या संघाने त्यासाठी एक स्क्रिप्ट लिहून पाहिली. एका रात्री चाचणी सर्व्हरच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली, लॉगिनवर अवलंबून असलेली प्रत्येक चाचणी पडली आणि सकाळी एकाच कारणाची तिकिटे रांगेने उभी होती. स्क्रिप्ट त्याच दिवशी काढून टाकली. आता सकाळी एक जण निकाल पाहतो, ‘फ्लेकी’, म्हणजे कारण नसताना कधी पास तर कधी फेल होणाऱ्या, चाचण्या बाजूला काढतो आणि खऱ्या दोषाचा बग टेस्ट रनच्या पडद्यावरूनच नोंदवतो, त्यामुळे तो चाचणीला आपोआप जोडला जातो.

खर्चाचे गणित मात्र आधीच मांडावे: अ‍ॅपचे शुल्क चाचणी करणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही, जिराच्या सर्व वापरकर्त्यांच्या संख्येवर ठरते. शंभर जणांच्या जिरामध्ये परीक्षक पाचच असतील, तर हा खर्च मंजूर करून घेणे जड जाईल.