नागरी नेतृत्व प्रशिक्षण: प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच्या महिन्यांत काय टिकलं

आपल्या भागातलं नागरी नेतृत्वाचं प्रशिक्षण घ्यावं का, असं हल्ली ओळखीतले बरेच जण मला विचारतात. शेवटचं सत्र संपल्या दिवशी विचारलं असतं, तर भारावलेल्या मनाने मी लगेच हो म्हटलं असतं. आता मधे बरेच महिने गेले आहेत. तिथे शिकलेलं काही रोज वापरात आहे, काही वहीतच राहिलं. त्यामुळे आता लिहिते आहे ते वापरून पाहिलेलं आहे.

स्वरूप साधारण सगळीकडे असतं तसंच होतं. सुट्टीच्या दिवशी सत्रं, वेगवेगळ्या वयाच्या आणि व्यवसायांच्या लोकांची एक तुकडी, गटचर्चा, एक-दोन कार्यालयांना भेटी. अट एकच, पण महत्त्वाची: प्रत्येकाने आपल्या वस्तीतला एक खरा प्रश्न घ्यायचा आणि प्रशिक्षण चालू असतानाच त्यावर काम सुरू करायचं. ही अट नसती तर बाकीचं सगळं हवेत गेलं असतं असं माझं ठाम मत आहे. आमच्या गटाने सांडपाण्याचा प्रश्न घेतला. दर पावसात एकाच वळणावर पाणी तुंबायचं आणि शाळेत जाणारी मुलं त्यातूनच जायची.

वक्तृत्व, देहबोली, वेळेचं नियोजन या सत्रांबद्दल फार लिहीत नाही. ती वाईट नव्हती, पण तेवढ्यासाठी नागरी प्रशिक्षणाला जायची गरज नाही.

खरं सोनं होतं ते एकेकाशी बोलण्याच्या सत्रात. संघटन बांधणारे लोक जगभर ही पद्धत वापरतात. सभा बोलावण्याआधी माणसांना एकेकटं भेटायचं, निम्म्याहून जास्त वेळ ऐकायचं आणि त्या भेटीत कसल्याही कागदावर सही मागायची नाही. प्रश्नही साधे असतात. इथे तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? त्यावर आधी कोणी काही केलं होतं का? तुम्हाला स्वतःला यात काय करायला आवडेल? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो सहसा कोणी विचारतच नाही. तक्रार ऐकून घेणारे भेटतात, काम विचारणारे भेटत नाहीत.

या भेटींतून आमच्या हाती जे लागलं ते कुठल्याही सभेत लागलं नसतं. एका निवृत्त बाईंकडे या सांडपाण्याच्या प्रश्नाचा जुना पत्रव्यवहार तारखांसकट फाइलला लावलेला होता. त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं. सभेत तोंड न उघडणाऱ्या एका प्लंबरने वाहिनीचा उतार कुठे बिघडला आहे ते जमिनीवर काडीने रेघोट्या ओढून दाखवलं. नंतर अभियंत्याने पाहणी केली तेव्हा त्याचं म्हणणं बरोबर निघालं. आज आमच्या गटात सर्वात पक्कं काम करणारी माणसं ही अशीच, भेटींतून आलेली आहेत. सभेत मोठ्याने बोलणाऱ्यांपैकी फार थोडी टिकली.

याला जोडूनच वस्तीचा नकाशा काढायला शिकवलं. उणिवांचा नव्हे, जमेच्या बाजूंचा: कोणाला काय येतं, कुठली जागा रिकामी असते, कोणाचा शब्द मानला जातो. जॉन मॅकनाइट आणि जॉन क्रेट्झमन या अमेरिकी अभ्यासकांनी 1993 मध्ये ही मांडणी लोकांपुढे आणली. आम्ही तो नकाशा मोठ्या कागदावर काढला आणि अजूनही त्यात भर घालतो.

सभा चालवण्याचं सत्र तेव्हा मला रुक्ष वाटलं होतं, वापरात मात्र ते फार उपयोगी ठरलं. सभेच्या नियमांचं जे पुस्तक अमेरिकेत आजही अनेक संस्था प्रमाण मानतात, ते 1876 मध्ये हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी अभियंत्याने लिहिलं. एका सभेचं अध्यक्षपद अचानक त्याच्या गळ्यात पडलं आणि ती कशी चालवायची हे कळेना, तिथून तो या विषयाकडे वळला. आम्ही त्यातलं थोडंच घेतलं. विषयपत्रिका आधी पाठवायची, एका वेळी एकच विषय, एकदा बोललेल्याने दुसऱ्यांदा बोलण्याआधी न बोललेल्यांना संधी द्यायची, आणि इतिवृत्तात प्रत्येक निर्णयापुढे करणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहायची. अध्यक्ष दर वेळी वेगळा. या शेवटच्या नियमाला सुरुवातीला विरोध झाला, कारण नवखा माणूस अध्यक्ष असला की सभा लांबते. लांबू दिली. आता गटातले बरेच जण सभा नीट चालवू शकतात, मी नसले तरी काही अडत नाही. नेतृत्व तयार झालं की नाही हे तपासायला याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही.

सर्वात जास्त फायदा झाला तो अंदाजपत्रक वाचायला शिकवलं त्याचा. निवेदन देणं, फोटो काढणं, आश्वासन घेऊन परतणं हे बहुतेकांना माहीत असतं. पण पैसे कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कुठल्या सदरात ठेवलेले असतात, तरतूद कधी होते, मंजुरीची फाइल कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जाते, हे माहीत नसेल तर आश्वासन देणाऱ्यालाही काही करता येत नाही. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर मागणी घेऊन जाणं म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावर पोहोचणं. जायचं ते मसुदा तयार होत असताना. आम्ही दुरुस्तीची मागणी त्या वेळेत दिली, सोबत प्लंबरने सांगितलेल्या बिघाडाचा आराखडा जोडला, पोच घेतली, आवक क्रमांक लिहून ठेवला आणि ठरलेल्या अंतराने पाठपुरावा केला. पाठपुराव्याला दर वेळी दोघं जायची, एक जुना आणि एक नवा. कार्यालयातली मंडळीही आमच्याशी वेगळ्या सुरात बोलू लागली, कारण आम्ही काय मागतो आहोत आणि ते कोणाच्या अधिकारात आहे हे आम्हाला माहीत होतं.

प्रशिक्षणात ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेचं उदाहरण दिलं होतं. तिथे 1989 पासून शहराच्या गुंतवणुकीच्या खर्चाचा प्राधान्यक्रम नागरिकांच्या सभांतून ठरू लागला आणि पुढे हा प्रयोग जगभर पसरला. ऐकताना ते फार दूरचं वाटलं होतं. स्वतः एक लेखाशीर्ष शोधून काढल्यावर तितकं दूरचं राहिलं नाही.

शेरी आर्नस्टीन यांची लोकसहभागाची शिडीही अशीच कामाला आली. 1969 मध्ये त्यांनी मांडलेल्या या शिडीला आठ पायऱ्या आहेत. तळाशी लोकांना नुसतं वापरून घेणं, मधे माहिती देणं आणि मत विचारणं, आणि सर्वात वर निर्णयच नागरिकांच्या हाती असणं. आता कुठल्याही बैठकीचं बोलावणं आलं की आम्ही आधी विचारतो: इथे निर्णय व्हायचा आहे की झालेला निर्णय ऐकायचा आहे? उत्तराप्रमाणे किती लोकांनी आपला दिवस खर्च करायचा ते ठरवतो. मजुरी बुडवून येणाऱ्या माणसाच्या वेळेचा असा हिशोब ठेवणं मला फार गरजेचं वाटतं.

आता जे पटलं नाही ते.

निवड. अर्ज लांबलचक, त्यात आजवरच्या सामाजिक कार्याचा तपशील मागितलेला. म्हणजे आधीच ओळखीचे, लिहिता-बोलता येणारे लोक आत आले आणि ज्यांना या प्रशिक्षणाने खरोखर बळ मिळालं असतं ते दाराबाहेर राहिले. लहान मुलं असलेल्या बाया तर जवळजवळ नव्हत्याच, कारण सत्राच्या वेळेत मुलांना सांभाळायची काहीच सोय नव्हती. आमच्या नकाशातला तो प्लंबर या अर्जातून कधीच निवडला गेला नसता.

या बाबतीत अमेरिकेतल्या हायलँडर फोक स्कूलचा इतिहास प्रत्येक आयोजकाने समजून घ्यावा. टेनेसीमध्ये 1932 साली सुरू झालेल्या या केंद्राच्या मदतीने 1957 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स आयलंडवर प्रौढांसाठी नागरिकत्वाचा वर्ग सुरू झाला. मतदार नोंदणीसाठी लिहिता-वाचता येण्याची अट घालून कृष्णवर्णीयांना अडवलं जात होतं, म्हणून हा खटाटोप. तिथे शिकवायला बर्नीस रॉबिन्सन यांना निवडलं. त्या केशरचनेचा व्यवसाय करत. त्या शिक्षिका नव्हत्या म्हणूनच त्यांना घेतलं, कारण मोठ्या माणसांना मुलांसारखं वागवण्याची सवय त्यांना लागलेली नव्हती. प्रशिक्षणाला आलेले लोक पुढे शिकवणारे होतील असं तिथे पाहिलं जाई, आणि असे वर्ग दक्षिणेत ठिकठिकाणी निघाले.

त्याच केंद्रात 1955 च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स कार्यशाळेला गेल्या होत्या, डिसेंबरमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने नकार दिला त्याच्या काही महिने आधी. पण त्या 1943 पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं काम करत होत्या, हे सांगायचं बहुधा राहून जातं. प्रशिक्षणाने नेता घडतो असं छापणाऱ्या माहितीपत्रकांनी एवढं लक्षात ठेवावं.

दुसरी मोठी उणीव म्हणजे नंतरचा आधार. प्रमाणपत्रं वाटून झाली आणि आयोजकांचे फोन थांबले. आमच्या तुकडीतले कितीतरी गट पुढच्या काही महिन्यांत विरले. पहिला नकार, पहिलं भांडण, पहिली बदली झालेला अधिकारी, हे सगळं नेमकं प्रशिक्षण संपल्यावरच समोर येतं. तेव्हा महिन्यातून एकदा बसायला कोणी असतं तर त्यातले काही टिकले असते. आमच्या तुकडीतल्या काही जणांनी आता आपापसांत ही बैठक सुरू केली आहे. प्रत्येक जण अडलेली एक गोष्ट मांडतो, बाकीचे आधी प्रश्न विचारतात, सल्ला सगळ्यात शेवटी. मूळ अभ्यासक्रमात हे असायलाच हवं.

आमच्या सांडपाण्याचं म्हणाल तर वळणावरची वाहिनी बदलली, खालच्या टप्प्याचं काम पुढच्या अंदाजपत्रकावर आहे. त्याचा पाठपुरावा सध्या दोन तरुण मुली करतात. त्या या प्रशिक्षणाला कधी आलेल्या नाहीत, गटातच शिकल्या.

जायचं ठरवत असाल तर अर्ज भरण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचारा. प्रत्यक्ष काम हा अभ्यासक्रमाचा भाग आहे का, संपल्यावर किमान वर्षभर कोण सोबत राहणार आहे, आणि मागच्या तुकडीतल्या लोकांशी बोलायला मिळेल का. शक्यतो एकट्याने जाऊ नका. एकाच वस्तीतले दोघं-तिघं गेले तर परतल्यावर कामाला लगेच माणसं असतात. आणि त्यातलं एक जण तरी असं न्या, ज्याचं नाव आजवर कुठल्याच समितीत आलेलं नाही. त्याचा अर्ज लिहायला लागेल तेवढी मदत करा.